स्क्रीन बदलता येते, चलनाचा नंबर नाही

प्रश्न असा आला आहे: "ताई, तीन वर्षं पुण्यात ग्राहकांसाठीच्या ॲपवर काम करून मी नाशिकला परत आलो. इथे कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका स्टार्टअपमध्ये मी एकटाच डिझायनर आहे. दर आठवड्याला नवी आवृत्ती जाते. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक रोज काहीतरी नवं मागतो, आणि फाउंडर म्हणतात, डिझाइन नंतर बघू. मी वेळ कशात घालू आणि कशातला काढून घेऊ?"

तुझे फाउंडर म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. स्क्रीन खरंच नंतर बघता येते. बटण डावीकडे की उजवीकडे, रंग निळा की हिरवा, हे पुढच्या आठवड्यात बदललं तर फार तर दोन दिवस शिव्या बसतात. पण चार गोष्टी एकदा ग्राहकाच्या दारात गेल्या की परत आणता येत नाहीत: वस्तूंना दिलेली नावं, कागदावर छापले गेलेले नंबर, कोणाला काय करता येतं ते अधिकार, आणि चूक झाल्यावर मागे राहणारा इतिहास. यातलं काहीच डेमोत दिसत नाही, म्हणून त्याला कोणी डिझाइन म्हणत नाही. मग एखादा डेव्हलपर रात्री साडेअकराला ते ठरवून टाकतो, कारण दुसऱ्या कोणी ठरवलेलंच नसतं. तुझा वेळ तिथे घाल. बाकीचं धावतंय तसं धावू दे.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर आमची कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही सहा जण होतो. खाली पॉवर प्रेस. ठोका पडला की टेबलावरचा चहा थरथरायचा. महिंद्र, बॉश (जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात) अशा मोठ्या कारखान्यांमुळे सातपूर, अंबड, सिन्नरला जी छोटी युनिटं वाढली, ती आमची गिऱ्हाइकं. एखादा नग गाडीला लागायच्या आधी चार शेड फिरतो. कास्टिंग एकीकडे, टर्निंग दुसरीकडे, हीट ट्रीटमेंट तिसरीकडे, प्लेटिंग चौथीकडे. प्रत्येक वेळी सोबत एक चलन जातं, म्हणजे काय माल, किती नग, कोणाकडे ते लिहिलेला कागद. जीएसटीच्या कायद्यात कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. त्यामुळे त्या साध्या कागदावरची तारीख आणि नगांची संख्या म्हणजे पैसा असतो. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो, आणि पहिली दोन वर्षं त्याच्या स्क्रीन फार सुंदर होत्या.

आता खरी गोष्ट. एका कारखान्यातल्या स्टोअरवाल्याने प्लेटिंगला जाणाऱ्या मालाच्या चलनावर ५० ऐवजी ५०० टाकलं. टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने आमच्या स्क्रीनवरचं एडिट दाबलं, ५० केलं, सेव्ह केलं. या एडिटचा आम्हाला तेव्हा अभिमान होता. दोन क्लिकमध्ये दुरुस्ती! पण चलनाच्या तीन प्रती असतात: एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक पाठवणाऱ्याची. प्लेटिंगवाल्याकडे गेलेली प्रत ५०० म्हणत होती आणि तिला आमचं एडिट लागू होत नव्हतं. त्याच्या कारकुनाने प्रत पाहून ५०० नगांचं बिल केलं. इकडे अकाउंट्सने फाइलमधली प्रत पाहून पैसे दिले. चार महिन्यांनी मालक हिशेबाला बसले तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, खोटं कोण बोलतंय? प्लेटिंगवाला, माझा माणूस, की तुमचं सॉफ्टवेअर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेटाबेसमध्ये फक्त ५० होतं. आधी काय होतं, कधी बदललं, कोणी बदललं, काही नाही. शेवटी निकाल लागला तो वॉचमनच्या वहीवर. तिच्यात निळ्या पेनने लिहिलं होतं: १ क्रेट, ५० नग, टेम्पोचा नंबर, वेळ.

त्या रात्री मी कागदाच्या रजिस्टरचा नीट विचार केला. रजिस्टरमध्ये खाडाखोड कशी करतात? रबर वापरत नाहीत. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर बरोबर आकडा, बाजूला सही. गिरवून पाचाचा आठ केलेला असेल तर ऑडिटर तिथेच बोट ठेवतो. हेसुद्धा डिझाइनच, आणि कुठल्या तरी कचेरीतल्या अनाम कारकुनांनी ते आपल्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं. आम्ही संगणक आणला आणि लोकांच्या हाती इतका चांगला खोडरबर दिला की खोडल्याची खूणही राहू नये.

मग आम्ही एडिट काढलं. छपाई होईपर्यंत चलन कच्चं, हवं तितकं बदला, कोणी विचारणार नाही. छापलं की पक्कं. पक्क्या चलनाला दोनच रस्ते: रद्द करून नवं काढा, किंवा त्याच्यावर फरकाची नोंद टाका. जुना आकडा रेघ मारून तिथेच दिसतो. सुरुवातीला स्टोअरवाले चिडले. "आधी दोन क्लिक होते, आता पाच." खरं होतं ते. पण महिन्याभरात तेच लोक भांडणात स्क्रीन वळवून समोरच्याला दाखवायला लागले. कायदाही पुढे याच दिशेने आला. सरकारच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर बिल रद्द करायला २४ तास मिळतात, त्यानंतर तिथे ते रद्द होत नाही, बहुतेक वेळा क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा वेगळा कागद, काढावी लागते. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियमच आहे. ज्यांनी इतिहास नंतर बघू म्हटलं होतं, त्यांनी त्या मार्चमध्ये रात्री जागून काढल्या. आमची झोप झाली, पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. आम्ही आधीच पोळलो होतो.

यातली आमची एक फसलेली हुशारी सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. रद्द करताना कारण लिहिणं आम्ही सक्तीचं केलं. लोकांनी त्या चौकटीत एक टिंब टाकायला सुरुवात केली. मग आम्ही किमान दहा अक्षरं सक्तीची केली. दहा टिंबं आली. मग कारणांची यादी दिली, तर सगळ्यांनी पहिलं कारण निवडलं, ते होतं "टायपिंग चूक". वर्षभराचा अहवाल काढला तर नाशिक जिल्ह्यात टायपिंगशिवाय दुसरी चूक होतच नाही असं वाटावं. कारण माणसाला विचारून मिळत नाही. आम्ही तो प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी दुसरा ठेवला: "हे कोणाला कळवायचं?" समोर प्लेटिंगवाला, अकाउंट्स, गेट अशी नावं, टिचकी मारली की मेसेज जातो. हा प्रश्न लोक नीट भरतात, कारण त्यात त्यांचा एक फोन वाचतो.

नंबरांचं प्रकरण याच्याच पाठीला लागून आलं. सुरुवातीला आम्ही नवं चलन उघडताच त्याला पुढचा नंबर द्यायचो. कोणी अर्धवट भरून सोडून दिलं की तो नंबर वाया. मार्चअखेर एका सीएंनी विचारलं, "३१२ नंतर ३१६ कसं? मधली तीन चलनं कुठे आहेत?" डेव्हलपरला हा प्रश्नच कळला नाही, डेटाबेसच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. पण हिशेबनिसाच्या जगात मधला गायब नंबर म्हणजे बिल न करता गेलेला माल. आता नंबर पक्कं करताना मिळतो, त्याआधी नाही. शिवाय नियमाप्रमाणे चलनाचा किंवा बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने कंपनी, प्लांट, विभाग, वर्ष, महिना असं सगळं गुंफून एकवीस अक्षरांचा देखणा क्रमांक केला होता. छापून झाला, दोन ग्राहकांकडे गेला, मग कोणीतरी मोजला.

पण याच नियमात एक सोय आहे, ती पुढे फार कामाला आली. क्रमांकाच्या एकापेक्षा जास्त मालिका चालतात. आमच्या भागात पावसाळ्यात इंटरनेट जातं आणि ते परत येईपर्यंत गेटवर टेम्पो थांबू शकत नाही. टेम्पोवाला थांबला तर वेटिंग मागतो, आणि तो बरोबरच असतो. नेट नसताना दोन टॅबलेटनी एकच नंबर दिला तर काय, यावर आमच्या डेव्हलपरांनी आठवडाभर डोकी फोडली. उत्तर तंत्रात नव्हतंच. प्रत्येक गेटला स्वतःची मालिका दिली, म्हणजे उत्तर गेटचं एन, दक्षिण गेटचं एस. नेट असो वा नसो, भांडण संपलं. कारखान्यात पूर्वी प्रत्येक गेटला वेगळं चलनबुक असायचंच. आम्ही ते मोडलं आणि पुन्हा शोधून काढलं.

आणखी एक खड्डा, तुझ्याही सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक असणार: दिवस कधी बदलतो? तिसरी पाळी रात्री सुरू होते आणि सकाळी सातला सुटते. रात्री दोनला निघालेला नग कारखान्याच्या भाषेत "कालचा" असतो. आमचा डॅशबोर्ड बाराच्या ठोक्याला दिवस बदलायचा. त्यामुळे तिसऱ्या पाळीचं उत्पादन दोन दिवसांत फाटून जायचं आणि सुपरवायझर सकाळच्या मीटिंगमध्ये विनाकारण बोलणी खायचे. एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं घड्याळ ऑफिसचं आहे." म्हणून उत्पादनाचा दिवस सातला बदलायचा. पण त्याच रात्री दोनला गेटमधून माल बाहेर पडला तर त्याच्या चलनावर कॅलेंडरचीच तारीख लागते. म्हणजे प्रत्येक नोंदीला दोन तारखा हव्यात: घडलं ती वेळ, आणि ज्या दिवसाच्या हिशेबात धरलं तो दिवस. हे पहिल्या महिन्यात केलं तर एक जादा रकाना आहे. तीन वर्षांनी करायला गेलं तर प्रत्येक जुन्या अहवालाचा आकडा बदलतो आणि प्रत्येक मालक विचारतो, मग आधीचे खोटे होते का?

नावांबद्दल. आमच्याकडे "पार्टी" हा एकच शब्द होता, कारण सगळे तोच बोलतात. पण ज्याच्याकडून माल घ्यायचा तोही पार्टी, ज्याला द्यायचा तोही पार्टी, जॉबवर्कवालाही पार्टी, आणि टेम्पोवालाही. अंबडमध्ये एकच माणूस सकाळी तुमचा गिऱ्हाईक आणि संध्याकाळी तुमचा जॉबवर्कवाला असतो, त्यामुळे तोडून वेगळी खाती करणंही चुकतं. आम्ही ते तोडलं आणि एकाच माणसाची येणी एकीकडे, देणी दुसरीकडे झाली. आता माणूस एक, त्याच्या भूमिका अनेक. ही वाक्यरचना सोपी वाटते, पण डेटाबेसमध्ये तिला आमचे पाच महिने गेले.

मराठीकरणाचंही तसंच. पहिल्यांदा एका हौशी अनुवादकाने स्टोअरला "भांडार" आणि रिजेक्शनला "अस्वीकृती" केलं. मशीनवरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, आमचं रिजेक्शन कुठे गेलं?" जे तोंडात आहे तेच देवनागरीत लिही: रिजेक्शन, रिवर्क, आवक, जावक, नग, भंगार. आवक-जावक तर इतके बरे शब्द आहेत की त्यांच्यासमोर इंग्रजी जोडी लोकांना उलटसुलट आठवते. आणि जुन्या एक्सेल फाइली आल्या की आधी फॉन्ट बघ. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं "पाटील" तुझ्या सिस्टीममध्ये इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन येतं. तारखाही बघ, ४ मेचं ५ एप्रिल होऊन येतं आणि कोणालाच कळत नाही. आकड्यातले स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, लाख-कोटींचे ठेव. परदेशी कंपोनंट लायब्ररीने, म्हणजे स्क्रीनच्या तयार तुकड्यांच्या संचाने, आमच्या एका मालकाला साडेबारा लाखांचा आकडा दर तीन अंकांवर तोडून दाखवला, आणि त्यांनी बोटाने अंक मोजत विचारलं की हे एक कोटी तर नाही ना.

अधिकारांवर मी कितीतरी बैठका घेतल्या आणि त्यातल्या निम्म्या वाया गेल्या. कारण मी विचारायचे, "खरेदी कोण मंजूर करतं?" उत्तर यायचं, "मालक." सगळ्याच प्रश्नांना उत्तर मालक. मग मी प्रश्न बदलला: "मालक तीन दिवस लग्नाला गेले तर सही कोण करतं?" इथे खरं चित्र उघडतं. मुलगा करतो, पण पन्नास हजारांपर्यंतच. काका करतात, पण फोनवर विचारून. अकाउंट्सच्या ताई करतात, म्हणजे त्यांच्याकडे मालकांचा पासवर्ड आहे. हा शेवटचा प्रकार ऐकून पुण्याहून आलेला डिझायनर दचकतो. दचकू नकोस. पासवर्ड वाटला जातो, कारण आपण रजेवर जाण्याची सोय दिलेली नसते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक रकमेपर्यंत, अमक्याला अधिकार, एवढी एक साधी पट्टी दिली आणि पासवर्ड वाटणं बऱ्यापैकी थांबलं. शॉपफ्लोअरवर मात्र थांबलं नाही. तिथे एका टर्मिनलवर पाच जण "स्टोअर१" नावाने काम करायचे, कारण तेलकट हातांनी दर वेळी लांब पासवर्ड टाकणार कोण? तिथे आम्ही लॉगिन उघडंच ठेवलं आणि पक्कं करताना फक्त चार आकडी पिन मागितला. सुरक्षेच्या पुस्तकात याला मान्यता मिळणार नाही. पण आधी सगळं एका भुताच्या नावावर होतं, आता माणसाच्या नावावर आहे.

स्क्रीनबद्दल काहीच सांगितलं नाही म्हणशील, तर एवढंच. डेमो बघतो तो मालक आणि दिवसाला दोनशे ओळी भरतो तो स्टोअरवाला. मालकाला मोकळी जागा आवडते. स्टोअरवाल्याला एका नजरेत पंचवीस ओळी हव्या असतात, आणि त्याची बोटं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर तयार झालेली असतात. एंटर म्हणजे पुढचा रकाना, एफ८ म्हणजे विक्री, एफ९ म्हणजे खरेदी, माऊसला हात नाही. आम्ही एंटरला "सेव्ह" जोडलं होतं. पहिल्या तासात सतरा अर्धवट नोंदी झाल्या. टॅलीची स्क्रीन कुरूप आहे म्हणणाऱ्या डिझायनरला मी एक दिवस अकाउंट्सच्या टेबलाशेजारी बसवते आणि मग काही बोलत नाही.

आणि हल्ली एआयकडून दुपारभरात वीस स्क्रीन काढून मिळतात, तेव्हा तर तू स्क्रीन काढण्यासाठी पगार घेतोस असं फाउंडरला वाटू देऊ नकोस.

मोठ्या ग्राहकाचं दुखणं मला माहीत आहे. आमचा पहिला मोठा ग्राहक एवढा मोठा होता की त्याचा फोन आला की सगळे उभे राहायचे. त्याने मागितलं ते आम्ही केलं, आणि कोडमध्ये "हा ग्राहक असेल तर" अशा फांद्या फुटत गेल्या. चौथ्या ग्राहकापर्यंत आम्ही चार सॉफ्टवेअरं सांभाळत होतो. यावर उपाय म्हणून आम्ही पाच मोकळे रकाने दिले, ज्याला हवं ते त्याने त्यात भरावं. तो उपाय आणखी वाईट निघाला. एकाकडे तिसरा रकाना म्हणजे टेम्पोचा नंबर, दुसऱ्याकडे हीट नंबर, म्हणजे कास्टिंग वितळलेल्या धातूच्या कोणत्या घाण्यातून निघालं त्याची खूण. ग्राहकाकडून तक्रार आली की हीट नंबरवरून सगळा माल शोधावा लागतो, आणि आमचा शोध त्या रकान्यापर्यंत पोचतच नव्हता. आता मी मागणी आली की नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. मी त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन कारखान्यांत जाऊन विचारते, "तुम्ही हे कसं करता?" बहुतेक वेळा ते तेच करत असतात, फक्त नाव वेगळं असतं आणि वहीत करत असतात. मग ती मागणी एकट्याची उरत नाही. आणि कोणीच करत नसेल, तर मोठ्या ग्राहकाला ते एक्सेलमध्ये काढून देण्यात कमीपणा नाही.

मात्र "सारखंच आहे ना" याचाही मोह वाईट. जॉबवर्कचं जमलंय म्हणून आम्ही तेच सॉफ्टवेअर दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसला विकलं. माल येतो, प्रक्रिया होते, माल जातो. कागदावर सारखंच. पण निर्यातीच्या द्राक्षात पेटीपासून मागे थेट बागेच्या प्लॉटपर्यंत जाता आलं पाहिजे. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी यंत्रणेत नोंदलेला प्लॉट, त्याचा औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल, मग पॅकिंग. कारखान्यात पन्नास नगांचे दोन लॉट एकत्र झाले तर शंभर होतात. इथे दोन बागांचे क्रेट एकत्र झाले तर ते शंभर नसतात, ती चूक असते. आमच्या सॉफ्टवेअरला बेरीज यायची, माग ठेवता यायचा नाही. शिवाय त्यांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्या काळात रात्री दोनलाही पॅकिंग चालू असतं आणि आम्ही नेहमीच्या सवयीने दर शुक्रवारी नवी आवृत्ती सोडत होतो. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी लेबलचा साचा हलला. पुढचं सांगत नाही. त्यांनी मे महिन्यात करार संपवला, आणि मी त्यांच्या जागी असते तर फेब्रुवारीतच संपवला असता.

तेव्हापासून आवृत्ती कधी सोडायची याचं कॅलेंडर मी भिंतीवर लावते. महिन्याची विवरणपत्रं भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) असतं, म्हणून त्याआधीचे दोन-तीन दिवस बिलांना हात लावायचा नाही. महिनाअखेर डिस्पॅचला हात नाही. मार्च पूर्ण सोडायचा. जुना डेटा नव्या रचनेत हलवण्याचं मोठं काम दिवाळीच्या सुट्टीत. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी कारखान्यात काम कमी आणि गप्पा जास्त, वर्षभरात न कळलेल्या गोष्टी पेढा खाताना कळतात. त्या दिवशी मी लॅपटॉप नेत नाही. दर आठवड्याला आवृत्ती सोडणाऱ्या कंपनीला हे कॅलेंडर जड वाटेल. पण वेग आपल्या घरात ठेवायचा असतो. गिऱ्हाइकाच्या घरात त्यांचा वेग चालतो.

आता फाउंडरना कसं सांगायचं. "डिझाइनला वेळ द्या" असं म्हणू नकोस, त्यांना ते रंगरंगोटीसारखं ऐकू येतं. मी एक महिना सपोर्टच्या माणसाशेजारी बसून आलेला प्रत्येक फोन वहीत लिहिला. नवी सोय मागणारे फोन थोडे होते. बहुतेक फोन "हे चुकून झालं, आता मागे कसं घेऊ" असे होते, आणि त्यातला प्रत्येक एखादा डेव्हलपर थेट डेटाबेसमध्ये हात घालून सोडवत होता. ती वही मी फाउंडरसमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली, मग डेव्हलपरांचे तास मोजले, मग विचारलं, "हे बंद करायला किती दिवस लागतील?" रद्द आणि फरकाच्या नोंदीचं काम त्या बैठकीतून सुरू झालं. डिझाइन हा शब्द त्यात एकदाही आला नाही.

तू या आठवड्यात एवढं कर. मोठ्या ग्राहकाकडे दुसऱ्या पाळीला जा, संध्याकाळी, म्हणजे ऑफिसची माणसं निघण्याच्या बेतात असतात. मीटिंग रूममध्ये बसू नकोस, गेटवर बस. तुमचं सॉफ्टवेअर चालू असताना शेजारी कोणत्या वह्या उघड्या आहेत ते बघ, आणि प्रत्येक वहीत कोणता रकाना आहे जो तुमच्या स्क्रीनवर नाही, ते लिहून घे. वॉचमन वही लगेच देणार नाही. आधी त्याला वाटेल की तू त्याच्या चुका शोधायला आला आहेस. चहा सांग, दोन टेम्पो जाऊ दे, मग माग.